वजनाचं आणि वस्तूचं

सकाळचे साडेसात वाजताहेत आणि वैशाखाचं ऊन आत्ताच पाठीला चावतंय. खामगाव-चिखली रस्त्यावर उंद्रीच्या स्टँडपाशी भाचा गाडी गावात वळवतो. कागदोपत्री गावाचं नाव उदयनगर; पण एसटीत बसणारा माणूस तिकीट उंद्रीचंच मागतो.

गाडी म्हणजे छोटा हत्ती. टपावर भोंगा, भोंग्यात भाच्याच्याच आवाजातलं रेकॉर्ड : भंगाऽर, टीन-टप्पर, तांबं-पितळ, जुनी बॅटरी. वस्ती लागताच तो भोंगा बंद करतो.

“आज बोलावनं हाये, मामा. बोलावलेल्या घरी वरडत नाई जायचं.”

भाचा खामगावचा. वडिलांचा भंगाराचा काटा होता. वडील सगळंच वजनानं घेत आणि वजनानं विकत. ह्यानं त्यात फरक केला. काय फरक केला ते बघायलाच मी आज त्याच्या शेजारी बसलो आहे, आणि त्याला एक खासगी कारणही आहे. आमच्या घरचा तांब्याचा बंब मी सोळा वर्षांचा असताना पोत्यात घालून, सायकलला बांधून मोडीत देऊन आलो होतो. आईनं पैसे मोजले आणि गप्प राहिली. तो बंब अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

घर दुसऱ्या गल्लीत आहे. धाब्याचं घर, म्हणजे काल-परवापर्यंत होतं. दोन-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती कमरेएवढ्या उरल्यात. धाब्यावरची पांढरी माती अंगणभर पसरली आहे, पाय टाकला की पिठासारखी उडते. घरकुलाचा पहिला हप्ता खात्यात आला, आता पावसाच्या आत पाया भरायचा आहे. सागवानी खांब आणि तुळया लाकूडवाल्यानं आठवड्यापूर्वीच नेल्या. दारासमोर लिंबाचं झाड आहे, त्याच्या सावलीत ताडपत्री अंथरलीय आणि तिच्यावर साठ वर्षांचा संसार उन्हात आल्यासारखा मांडून ठेवलाय.

मी उभ्या उभ्याच बघतो. पितळेचे दोन हंडे, एकाचं बूड गेलेलं. पोटाला पोचा आलेली घागर. एक मोठा गुंड. काशाची दोन ताटं. तांब्याचा बंब, तोटीशिवाय. जर्मनची काळीकुट्ट पातेली, एकात एक. कंदील दोन, एकाची काच शाबूत. अडकित्ता. तिफणीचं लाकडी चाडं. वखराची पास, विळे, कुलपं, मोडकी बादली. एका बाजूला जातं, ते कुणी उचलून आणलेलं नाही, घर पडलं तेव्हा ते होतं तिथंच राहिलं. आणि ताडपत्रीच्या काठावर, मालाची मालकीण बसावी तशी, नऊवारीतली आजी.

भाचा चपला काढून ताडपत्रीवर जातो. “राम राम, आजी.”

“राम राम. काटा कोनता हाये तुयाजोळ?”

भाचा लटकता इलेक्ट्रॉनिक काटा दाखवतो. आजी नातवाला हाक मारते. नातू किराणा दुकानातून पाच किलोचं लोखंडी वजन मागून आणतो. ते तिनं आधीच सांगून ठेवलेलं दिसतंय. वजन हुकाला लागतं. आकडे थरथरतात आणि पाचवर थांबतात. आजी मान हलवते.

“ह्याच्या आंधी एक आला होता. त्याचा काटा पाचाले साडेचार दाखवे.”

आता भाचा कामाला लागतो. आधी चुंबक. खिशातून स्पीकरमधलं जुनं चुंबक काढून तो एकेका भांड्याला लावत जातो. वरून पितळी दिसणारी एक तबकडी टपकन चिकटते : आत लोखंड, वर नुसता मुलामा. ती लोखंडात जाते. मग तो प्रत्येक भांडं दोन बोटांवर तोलून नखानं वाजवतो. पितळ टण् करून गप्प होतं. काशाचं ताट वाजवतो तेव्हा आवाज निघतो आणि निघतच राहतो, लिंबाखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, काशात कथील. कानाला हा फरक भट्टीवाल्यापेक्षा आधी कळतो. समई तो हातात घेतो, बुडाला ठोकतो, आवाज बद्द येतो. आत काहीतरी भरलेलं आहे, वाळू नाहीतर लाख. वजन वाढावं म्हणून ही करामत विकणाऱ्यानं पूर्वीच केलेली. आजीला त्याचा पत्ता नाही. तो तिला बुडाचा जोड दाखवतो. आजी समई त्याच्या हातातून काढून मांडीवर ठेवते. “जाऊ दे. ही द्यायचीच नाई.”

आणि ह्या सगळ्यात, मी ज्यासाठी आलो ते चाललेलं आहे. भाचा दोन ढीग करतोय. डावीकडचा वजनाचा, उजवीकडचा वस्तूचा. हे शब्द त्याचेच आहेत आणि तो ते मोठ्यानं उच्चारतो, लपवत नाही. बूड गेलेला हंडा : “वजनाचं.” पोचलेली घागर : “वजनाचं.” जर्मनची पातेली, वखराची पास, बादली : वजनाचं. मग तो गुंड उचलतो, पोटावर हात फिरवतो आणि थांबतो.

“मामा, हे पाहा.”

गुंडाच्या पोटावर आडवी एक रेघ आहे, करवतीच्या दात्यांसारखी. वरचा आणि खालचा असे दोन पत्रे एकमेकांत दाते घालून, डाक देऊन जोडलेले. हे तांबटाच्या हातचं काम आहे. बोटांना हातोडीचे ठोके अजून लागतात, पाणी वाऱ्यानं हलावं तसे बारीक. यंत्रावर ओढलेल्या भांड्याला असा जोड नसतो. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं : आजीच्या वडिलांचं नाव, गाव भोकरदन, आणि तारीख १२-५-६३.

“तुमचं लगीन?”

“हौ. उन्हायाच होता असा.”

“वजनानं देता की वस्तू म्हनून?”

आजी त्याच्याकडे बघते. हा प्रश्न तिला आजवर कुणी केलेला नाही.

भाचा गुंड काट्याला लावतो. चार किलो दोनशे. पितळेचा आजचा भाव तो साडेचारशे लावतोय. “वजनानं एक हजार आठशे नव्वद होतात. वस्तू म्हनून मी दोन हजार सहाशे देतो. पुन्यात जुन्या बाजारात साडेतीन-चारपर्यंत जाते. गेला तं. नाई गेला तं माह्या गोदामात राहते.”

आजीचा मुलगा आतापर्यंत विटा मोजत उभा होता, तो जवळ येतो. “मंग आमीच काहून नाई नेत पुन्याले?”

“न्या ना, दादा. बुधवारी न् रविवारी भरते. गाडीभाडं धरा, दिवस धरा, बसाले जागा लागते ते धरा. एक गुंड घेऊन गेलं तं नाई पुरत.”

तो रागावत नाही, घाई करत नाही. मुलगा मनातल्या मनात हिशेब करतो आणि पुन्हा विटांकडे वळतो. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. ह्या धंद्याची सगळी कमाई एका गोष्टीवर उभी आहे : घेणाऱ्याला जे ठाऊक असतं ते देणाऱ्याला नसतं. ते अंतर कुणी किती उघड करायचं, ह्यावर तो व्यापारी कसा हे ठरतं. पुढचा भाव सांगून मागचा भाव ठरवणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय, आणि तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे ह्याचा मला आनंद होतोय.

गावातल्या जुन्या वस्तू हे लोक लुटून नेतात, असं शहरातली माणसं हळहळून म्हणतात. मीही म्हणत असे. पण भाचा नसता तर हा गुंड राहिला कुठं असता? डावीकडच्या ढिगात. तिथून खामगावच्या काट्यावर, तिथून ठोक व्यापाऱ्याकडे, तिथून भट्टीत. देशभरची पितळेची मोड जामनगरकडे जाते. तिथं तिचे नट, वायसर, नळाच्या तोट्या होतात. १२-५-६३ ही तारीख वितळून जायला फार वेळ लागला नसता.

सून चहा घेऊन येते. स्टीलच्या कपबशा. ताडपत्रीकडे बघून तिला वाईट वाटत असेल असं मला उगाचच वाटतं, म्हणून मी तसं विचारून बसतो. ती पदरानं कपाळ पुसते.

“वाईट कायचं, भाऊ? चिचेनं घासू घासू माह्या बोटाच्या रेघा गेल्या. सनावाराले रातचे अकरा वाजेत घासत. कल्हईवाला येत नाई का काई नाई. आता हे ठेवाचं कोठी, स्लॅबच्या दोन खोल्यांत?”

तिचं खरं आहे. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट शिजवता येत नाही, ताक ठेवता येत नाही. कोळशाचा भाता, नवसागराचा तो पांढरा धूर, कापसाच्या बोळ्यानं फिरणारं कथील हे सगळं गावातून गेलं, तेव्हाच ह्या भांड्यांचा स्वयंपाकघरातला हक्क संपला. स्टीलनं ती जागा घेतली ती बाईच्या हाताला विसावा देऊन घेतली. त्याबद्दल हळहळ करायचा अधिकार भांडी न घासलेल्या माणसाला नाही.

बंबाची पाळी येते. तोटी गेलेली, मधलं नळकांडं खालून गळतंय. पाणी तापवायला तो आता कुणीच घेणार नाही. मी श्वास धरून बघतो. भाचा आतली लोखंडी जाळी काढून बाजूला टाकतो, बंब तोलतो : आठ किलो चारशे. तांब्याला सातशे.

“वजनात पाच हजार आठशे ऐंशी. मी साडेसहा हजार देतो. हे वस्तूचं.”

“गळते ना तो,” आजी स्वतःच सांगते.

“गळू द्या. धाबेवाले दारात ठेवतेत. कोनी झाड लावते त्याच्यात.”

बंब उजवीकडे जातो. मी चहा संपवतो.

अडकित्त्यासाठी तो चारशे सांगतो. मुठीला दोन पोपट आहेत, एकाची चोच झिजलेली. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची अशी आख्खी कपाटं मी पाहिली आहेत. डॉ. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. गावोगाव फिरून, पदरमोड करून दिवे, दौती, अडकित्ते, दरवाजे आणले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं आणि वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह शेवटी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. काचेपलीकडचा अडकित्ता बघताना, हा कुठल्या अंगणातल्या कुठल्या ताडपत्रीवरून उठला असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. आज येतोय.

चाडं मात्र मुलगा चुलीकडे टाकायला निघालाय. लाकडाचा वाडगा, तळाला भोकं. ह्यात मूठ सोडायची आणि खालच्या नळ्यांतून दाणा तासात पडायचा. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं आणि चाडं धाब्यावर जाऊन पडलं.

“थांबा दादा, तीनशे देतो.”

“ह्याचे?” मुलगा थांबतो. चाडं उलटं करून बघतो. मग आपसूक त्याची मूठ चाड्यावर जाते, अंगठा आणि तर्जनी दाणे सोडल्यासारखी हलतात, एका लयीत. वावरात मूठ धरणारा बाप त्याला दिसत असावा. तो हात काढून घेतो आणि चाडं भाच्याकडे देतो. बोलत काही नाही.

तेवढ्यात आजी कमरेची पिशवी सोडते. पिशवीत फडकं, फडक्यात तीन रुपये. “हे पाय बरं. चांदीचे हायेत तीनही.”

भाचा हात पुसतो, नाणी तळहातावर घेतो. हे त्याच्या धंद्यातलं नाही, पण त्याला येतं. पहिला कलदार, पंचम जॉर्जचा, १९१८ सालचा. अकरा ग्रॅम सहासष्ट शतांश वजन, शंभरात जवळपास ब्याण्णव भाग चांदी. दुसरा सहाव्या जॉर्जचा, १९४४ चा. तो कड दाखवतो : दात्यांच्या मधोमध एक बारीक खाच गेलेली. महायुद्धात चांदी कमी पडली, १९४० पासून रुपयात ती निम्मीच घालू लागले. दिसायला दोन्ही भाऊ, पण ह्यात अर्धीच चांदी. तिसऱ्यावर चारमिनार आहे.

“आजी, हा इकडचा नाई.”

“माह्या मायनं देल्ला. माहेरचा हाये.”

माझ्या अंगावर काटा येतो. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभारात, इथं कलदार चाले. पलीकडचं भोकरदन निजामाच्या राज्यात, तिथं हाली सिक्का. त्याचं वजन थोडं कमी, चांदीही कमी. हद्द ओलांडली की नाणं बदलायचं. ती हद्द ह्या फडक्यात गाठ मारून ठेवलेली आहे, एका बाजूला सासर आणि एका बाजूला माहेर.

“किती देशीन?”

“मी नाई घेत, आजी. ह्या कलदाराले शंभराच्या वर वर्षं झाली. शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा कराले सरकारचा परवाना लागते, १९७२ चा कायदा हाये. माह्याजोळ नाई. आन् इकायचेच असतीन तं खामगावच्या सराफ्यात जाजो, चांदीचा बाजार हाये तो. तिन्ही अलग अलग मोजाले सांगजो. एका भावात देजो नोको.”

आजी तिन्ही नाणी परत घेते, क्षणभर मोजते आणि चारमिनारचं नाणं वेगळं काढून त्याला स्वतंत्र गाठ मारते.

मला आता गुंडावरच्या तारखेचा दुसरा उपयोग कळतो. नाव-तारीख कोरलेलं भांडं म्हणजे स्वतःचा जन्मदाखला घेऊन आलेलं भांडं. १९६३ म्हणजे शंभरीपासून दूर. त्याला कुणी हरकत घेणार नाही.

काटा चालू असतानाच फाटकापाशी दोन पोरं येतात. एकाच्या हातात खताची पिशवी. तोंड उघडून दाखवतात : तांब्याची तार, वरचं रबर जाळून काळी पडलेली, दोन-तीन किलो तरी असेल. तारेला भाव सगळ्यात चढा. भाचा पिशवीला हातसुद्धा लावत नाही.

“कोनाच्या मोटारीची?”

“घरचीच हाये.”

“घरच्या मानसाले घेऊन या. आधार कार्ड घेऊन या.”

पोरं जातात. आजीचा मुलगा विटेवर वीट आपटतो. मागच्या हंगामात त्याच्याच विहिरीवरून मोटारीची केबल कापून नेली होती. हरभऱ्याला एक पाणी कमी पडलं. चोरीचा माल घेणाराही गुन्हेगारच. आधी दंड संहितेचं ४११ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१७. भाच्याच्या वहीत म्हणूनच प्रत्येक घराचं पान आहे : काय घेतलं, किती भरलं, देणाऱ्याची सही.

हिशेब होतो. पितळ अठरा किलो सहाशे, आठ हजार तीनशे सत्तर. जर्मन सहा किलो, एकशे तीसनं सातशे ऐंशी. लोखंड बावीस किलो, तीसनं सहाशे साठ. डावा ढीग नऊ हजार आठशे दहा. उजव्या ढिगात बंब, गुंड, काशाच्या ताटांचे बावीसशे, कंदिलांचे पाचशे, अडकित्ता, चाडं मिळून साडेबारा हजार. एकूण बावीस हजार तीनशे दहा. मुलगा दोनदा मोजतो. सून तिसऱ्यांदा मोजते आणि नोटा सरळ आजीच्या हातात देते. आजी त्यातल्या दोन नोटा नातवाला देऊन बाकीच्या सुनेला परत करते. “दरवाजाले लाव. लोखंडी नोको, लाकडी घेजो.”

ह्यात भाच्याला उरतं किती, ते मी गाडीत माल चढवताना विचारतो. डाव्या ढिगात किलोमागं वीस-पंचवीस रुपये. त्यातून डिझेल निघतं. उजव्या ढिगात गुंतलेले पैसे कधी आठवड्यात दीडपट होऊन येतात, कधी दोन वर्षं येत नाहीत. गोदामात शिलाईची सात यंत्रं आहेत, रेडिओ किती ते त्यानं मोजलेले नाहीत. आणि माल घासून चकचकीत करायचा नाही, हे तो ठोकरा खाऊन शिकला. पहिल्या वर्षी सगळी भांडी चिंच-रांगोळीनं लखलखीत केली आणि पुण्यात गिऱ्हाईक नव्या भांड्यांचा भाव सांगून निघून गेलं.

“डाग ऱ्हाऊ द्या लागते, मामा.”

गोणपाटात गुंडाळलेला गुंड बंबाच्या शेजारी बसतो. चाडं केबिनमध्ये माझ्या मांडीवर. भाचा स्टार्टर मारतो तेवढ्यात आजी खिडकीशी येऊन उभी राहते. तिची उंची खिडकीला जेमतेम पोचते.

“बाप्पा, थ्या गुंडावरचं नाव घासशीन नोको.”

“नाई घासत, आजी.”

“माह्या बापाले लिहिता येत नोतं. त्यानं पैसे देऊन घालून घेतलं थे नाव.”

भाचा इंजिन बंद करतो. डॅशबोर्डवरची वही काढतो, आजचं पान उघडतो आणि गुंडाच्या ओळीपुढं, रकमेच्या शेजारी लिहितो : नाव घासायचं नाही, घेणाऱ्याला सांगणे. मग वही खिडकीतून बाहेर धरून तो ते आजीला वाचून दाखवतो.

आजी ऐकून घेते आणि गाडीला वाट करून देते.